आठवं भोक

दाजींचा डावा डोळा गेला, आणि ते दवाखान्यातून घरी यायच्या आत सगळ्या कारखान्याने ठरवून टाकलं की दोष दाजींचाच. ठरवायला काय जातं? मशीन बोलत नाही, मालक ऐकत नाही, आणि ज्याचा डोळा गेलाय तो पट्टी बांधून पडलेला. मशीनवर जो उभा, चूक त्याची. इतका स्वस्त न्याय कुठल्याही कारखान्यात तयारच ठेवलेला असतो.

दोष दाजींचा नव्हता, हे ज्यांना पक्कं माहीत होतं अशी माणसं मोजकी. एक फोरमन. त्याला कामगार पाठीमागे ‘आटपा’ म्हणायचे, कारण सकाळी आल्यापासून त्याच्या तोंडात तो एकच शब्द. स्वतःचं लग्नसुद्धा त्याने उभ्या उभ्या आटपलं असणार, असं पॅकिंगमधल्या बायका म्हणायच्या. दुसरी दाजींची मेहुणी. ताईची लहान बहीण म्हणून घरात ती धाकटी; दाजींनीच तिला कामाला चिकटवलं, म्हणून कारखान्यातही धाकटीच.

चूक धाकटीची होती. ती नेमकी काय, हे कळायला तिचं काम कळायला हवं. अवघड नाही. भोकं मोजता आली की झालं.

दाजींची लेथ जुनी होती, पण आपली आपण चालणारी. काय कापायचं, किती कापायचं, हत्यार कुठे थांबवायचं, हे तिला एका कागदी टेपवरून कळायचं. टेप दोन बोटं रुंद, लांबच लांब, आणि तिच्यावर शाईचा एक ठिपका नाही. नुसती भोकं. आडव्या ओळीत आठ जागा. एक ओळ म्हणजे एक अक्षर किंवा एक आकडा. कुठल्या जागी भोक आहे आणि कुठली जागा कोरी, त्यावरून मशीन ओळखायची, हा सहा की दोन. भोक आहे आणि भोक नाही, या दोनच गोष्टी मशीनला समजतात. आपल्याला त्याहून जास्त समजतं असा आपला समज असतो.

धाकटी ही टेप मारायची. टाइपरायटरसारखं यंत्र होतं. ती ड्रॉइंगवरचे आकडे दाबायची, यंत्र खटाखट भोकं पाडायचं. पहिल्या सात जागा आकड्याच्या. आठवी कशाचीच नाही, ती पहाऱ्याची. नियम असा, की प्रत्येक ओळीत भोकं सम पाहिजेत. सात जागांत ती विषम झाली तर यंत्र आठवं भोक पाडून सम करायचं. आधीच सम असली तर आठवी जागा कोरी सोडायचं. मग लेथवर टेप फिरताना एखाद्या ओळीत भोकं विषम दिसली, की मशीन जागच्या जागी थांबायची आणि लाल दिवा लावायची. म्हणजे एखादं भोक बुजलंय, नाहीतर नको तिथे फाटलंय. कुठलं, ते ती सांगायची नाही. तिला ठाऊकच नसायचं. इथे काहीतरी खोटं आहे, एवढंच तिचं म्हणणं. खरं काय ते माणसाने शोधायचं.

आणि माणसाच्या मागे आटपा.

टेप तेलाने माखायची, ती वाचणाऱ्या रीडरमध्ये धूळ बसायची, लाल दिवा ऊठसूट लागायचा. लागला की ती टेप फेकायची आणि नवी मारायची, असा लेखी नियम होता. नवी मारेपर्यंत लेथ बंद. लेथ बंद पडलेली आटपाला बघवत नसे. म्हणून त्यानेच धाकटीला एक चिमटा आणून दिला होता, तिकिटाला भोक पाडतात तसला. विषम ओळ शोधायची, कुठलं भोक कमी आहे ते ताडायचं, चिमट्याने पाडायचं, पुढे चला. भिंतीवरच्या पाटीवर हे सक्त मना होतं. पाटीखालीच ते रोज चालायचं.

त्या दिवशी जाड नळ्यांचं काम होतं. नळी ज्यात घट्ट धरून गरगर फिरवतात ते जबडे जाड नळीला मोठे लागतात, त्यामुळे हत्याराने बासष्टच्या आकड्यावर थांबायलाच हवं; आकडा जितका लहान, हत्यार तितकं जबड्यांच्या जवळ. त्याच्या आधी किती तरी दिवस बारीक नळ्या चालल्या होत्या. त्यांना छोटे जबडे, तिथे बावीसपर्यंत गेलं तरी चालायचं. धाकटीच्या बोटांत तो बावीस मुरला होता.

जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर लाल दिवा लागला. दाजी टेप घेऊन तिच्या टेबलापाशी आले.

“घे. तुझं बाळ रडतंय.”

“माझं नाही, तुमचा रीडर रडतोय. जन्मात पुसला नाही तुम्ही त्याला.”

“सासुरवाडीच्या माणसांशी बोलायची सोय नाही बाबा.”

“आटपा,” मागून फोरमन. “थट्टा घरी जाऊन करा. माल न्यायला गाडी दारात उभी आहे.”

धाकटीने टेप ट्यूबलाइटसमोर धरली. ती ओळ सापडली. तीन भोकं. दोन आणि सहा यांच्यात फरक किती, तर सातांतल्या एका भोकाचा. दोनाला तीन भोकं, म्हणून त्याला आठवं जोडीला. सहाला चार, म्हणून त्याची आठवी जागा कोरी. समोर दिसत होती ती दोनाचीच तीन. आठवी जागा कोरी. तिच्या डोक्याने लगेच जुळवून टाकलं, हा दोन आहे, याचं आठवं भोक पडायचं राहिलंय. पुढच्या ओळीत दोन होताच. बावीस.

ड्रॉइंग वर ऑफिसात होतं, आटपाच्या खणात. तिने जिन्याकडे बघितलं. मग आटपाकडे बघितलं. मग चिमटा दाबला.

भोकं चार झाली. सम.

“ड्रॉइंगशी ताडलंस ना?” दाजींनी विचारलं.

“हो.”

हे ‘हो’ तिने का म्हटलं, याची कारणं तिने पुढे स्वतःला पुष्कळ दिली. एकही कामाचं नव्हतं. पोटात भूक होती, समोर फोरमन होता, आणि ‘नाही’ म्हटलं असतं तर जिना चढावा लागला असता. बस. माणसाचा डोळा एवढ्यावर जातो.

हात लावलेली टेप आधी हवेत फिरवायची, म्हणजे जबड्यात नळी न घालता, हत्यार लांब ठेवून, मशीन नुसती नाचवून बघायची, असाही नियम होता. दाजी तो कधी मोडायचे नाहीत. त्या दिवशी म्हणाले, “मग राहू दे. तू बघितलंस म्हणजे बघितलं.”

लाल दिवा लागला नाही. मशीनला तक्रार नव्हती. हत्यार बासष्टवर थांबलं नाही, ते बावीसच्या दिशेने सुटलं आणि फिरत्या जबड्यांवर जाऊन आदळलं. मशीनचं झाकण उघडं होतं. सगळेच उघडं ठेवायचे, कारण त्याची काच तेलाने आंधळी झाली होती. हत्याराचा तुकडा उडाला आणि दाजींच्या डोळ्यात गेला.

लोक धावले, कोणी मशीन बंद केली, कोणी दाजींना उचललं. त्या गडबडीत धाकटीने रीडरमधून टेप ओढून काढली. उजेडात धरली. त्या ओळीवरून नख फिरवलं, आणि कागदाची एक टिकली निसटून तिच्या हातावर पडली. भोक पडलेलं होतं. त्यातली टिकली एका धाग्यावर लोंबकळत राहिली होती आणि तेलाने परत त्याच जागी चिकटून बसली होती. आता ओळीत पाच भोकं होती. चार सहाची, आणि एक तिचं.

संध्याकाळी कारखाना रिकामा होऊ लागला तेव्हा आटपाने तिला ड्रॉइंग आणून दिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच, न मागता.

“नवी टेप मार. नीट बघून.”

“कशाला?”

“चौकशीला टेप लागेल. मुख्य ऑफिसातून बाई येणार आहेत.”

“ही आहे ना.”

त्याने तिच्या हातातली टेप घेतली, गुंडाळली, आणि लोखंड तापवायच्या भट्टीत टाकली. कागद पेटायला वेळ लागत नाही. “कुठे आहे?” तो म्हणाला.

“मी सांगणार साहेब. भोक मी मारलं.”

“सांग. चिमटा कोणी दिला तेही सांग. मग दाजी घरी, तू घरी, मीही घरी. ताई एकटी लॉन्ड्रीत इस्त्र्या करून सगळ्यांना पोसेल. तिचे खांदे मजबूत आहेत का? असतील तर सांग.” मग थोडा नरमला. हा नरम झालेला आवाज त्याच्या ओरडण्यापेक्षा वाईट होता. “दाजींचं काय व्हायचं ते झालं. आटप आता.”

तिने टेप मारली. भोक मारणं ही चूक होती, घाईतली, भुकेली चूक; अशा चुका रोज होतात आणि बहुतेक वेळा नळी वाकडी कापली जाते, एवढंच. नवी टेप मारणं ही चूक नव्हती. ते तिने शांत डोक्याने केलं. प्रत्येक ओळ ड्रॉइंगशी ताडली. आयुष्यात इतकं नीट काम तिने कधी केलं नव्हतं. एक टिकली लोंबत नव्हती, एक ओळ विषम नव्हती. कुठल्याही मशीनमध्ये घाला, लाल दिवा लागणार नाही. आणि ती टेप एकच गोष्ट ओरडून सांगत होती, की टेप बरोबर होती, तर मग दोष दाजींचा.

दाजी घरी आले. डोळ्यात औषध घालायचं काम धाकटीकडे आलं, कारण ताईचा हात थरथरायचा. ताई लॉन्ड्रीतून यायची, चप्पल काढायच्या आत बोलायला लागायची.

“इतकी वर्षं उभे राहिलात त्या मशीनसमोर. हवेत फिरवून बघा, हवेत फिरवून बघा, शेजारच्या पोराला सायकल शिकवताना पण हेच सांगायचात. आणि स्वतःच्या वेळेला काय झालं?”

“झोप लागली होती,” दाजी म्हणायचे.

“डोळे मिटून काम करत होता?”

“आता निम्मी झोप आली तरी भागेल.”

ताई हसायची नाही. आत जाऊन भांडी जोरजोरात घासायची, आणि तिथून तिचा आवाज यायचा, की निष्काळजी माणूस, बायकोचा विचार नाही, कशाचा विचार नाही. धाकटी दाजींची पापणी दोन बोटांनी वर धरून बाटली तिरकी करत असायची. थेंब पडायचा. दाजी हूं की चूं करायचे नाहीत. प्रत्येक शब्द तिच्या नावचा होता आणि तो दाजींच्या पत्त्यावर पडत होता, आणि ती मुकाट्याने औषध घालत होती. पुण्य केल्यासारखं दिसायचं बाहेरून. शेजारीण म्हणालीसुद्धा, मेहुणी असावी तर अशी.

चौकशीत काय ठरतं यावर सगळं होतं. दोष नाही असं निघालं, तर कंपनीला दाजींना बसून करायचं काम द्यावं लागणार होतं, स्टोअरमध्ये किंवा फाटकावर. दोष निघाला, तर सरळ घरचा रस्ता. एका डोळ्याच्या लेथवाल्याला दुसरीकडे कोणी उभं करणार नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दुपारी ताई कामावर असताना धाकटीने बाटलीचं झाकण लावलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. टिकली, भोक, भट्टी, नवी टेप. सगळं. दाजी कॉटवर टेकून बसले होते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“अगं, हत्यार कुठे धावलं ते बघितलं मी. त्या डोळ्याने शेवटचं तेच बघितलं. बावीसवर निघालं होतं ते. बासष्टचं बावीस कसं होतं, हे मला कळत नाही का? टेप जाळल्याचं ठाऊक नव्हतं. तेही फोरमनकडे बघून ताडायला हवं होतं.”

धाकटी खाली बसली. “मग बोलला का नाही?”

“बोलून काय? डोळा उगवणार आहे?”

“दाजी, ताई रोज तुम्हाला बोलते.”

“तुझी ताई मला लग्नापासून बोलते. आता विषय मिळालाय इतकंच.” त्यांनी पाठीमागची उशी सरकवली. “हे बघ. हवेत फिरवायची होती, मी फिरवली नाही. हे काही खोटं नाही.”

“मी हो म्हणाले म्हणून नाही फिरवलीत.”

“नियम मला शिकवू नकोस. ऑपरेटर मी आहे. मी तर गेलोच. गेलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक टोपली ठेवली तर मान मोडत नाही. तू राहा कामावर. घरात एक तरी माणूस धड पाहिजे.”

“दोष नाही निघाला तर तुम्हाला स्टोअरला घेतील.”

“आणि तुला काढतील. मग फरक काय पडला? उलट तू काम शोधत फिरणार आणि लोक विचारणार, कशामुळे काढलं.”

“माझ्याच्याने नाही होणार हे.”

“होईल. सगळ्यांच्याने होतं,” दाजी म्हणाले, आणि चांगला डोळा मिटून घेतला, म्हणजे बोलणं संपलं.

हा चांगुलपणा होता. चांगुलपणाच होता, पण तो असा की समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. धाकटीला त्यांचा राग आला. ज्याचा डोळा आपण घालवला त्याचाच राग यावा, याची पुन्हा लाज वाटली. लाज वाटली तरी राग गेला नाही.

चौकशी कॅन्टीनमध्ये झाली, टेबलं पुसून, खुर्च्या भिंतीला लावून. मुख्य ऑफिसातल्या मॅडम इंजिनिअर होत्या. फारसं बोलणाऱ्या नव्हत्या, पण प्रश्न वेडेवाकडे नव्हते. त्यांनी नवी टेप बोटांमधून सरकवली, ड्रॉइंगशी ताडली, मग उजेडात धरली.

“टेप फार स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या.

“पुसून ठेवली मॅडम. पुराव्याची वस्तू,” आटपा म्हणाला.

दाजींनी आपलं म्हणणं सांगितलं. हवेत फिरवली नाही. जबडे मोठे आहेत हे लक्षात ठेवून हत्यार मागे घ्यायचं राहिलं असेल. चूक माझी. मॅडम लिहीत गेल्या. मग त्यांनी विचारलं, आणखी कोणाला काही सांगायचंय का. असं नेहमीच विचारतात, कोणी काही सांगणार नाही म्हणून.

“मला सांगायचंय,” धाकटी म्हणाली.

तिने सांगितलं. आवाज चिरकला, पण सांगितलं. भिंतीशी उभे असलेले कामगार एकमेकांकडे बघायला लागले. आटपा शांतपणे ऐकत होता, आणि ती थांबल्यावर त्याने मॅडमकडे वळून हात जोडल्यासारखं केलं.

“घरची आहे मॅडम. मेहुणी यांची. एकाच घरात राहतात, एकाच ताटातलं खातात. माणसाने काय बोलावं सांगा. मी तिच्या जागी असतो तर मीही हेच बोललो असतो.”

“पहिली टेप कुठे आहे?” मॅडमनी धाकटीला विचारलं.

“जाळली.”

“कोणी?”

“यांनी.”

“कोणी बघितलं?”

“मी.”

“आणखी?”

आणखी कोणी नव्हतं. चिमटा टेबलावर होता का, असं मॅडमनी विचारलं. आटपा म्हणाला, चिमटा हजेरीच्या कार्डांना वापरतात मॅडम, सगळीकडे असतो. भिंतीशी उभं असलेल्यांत निदान चार जणांनी तो चिमटा टेपला लागताना बघितला होता. त्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. त्यांच्या पायांत काय इतकं बघण्यासारखं होतं कोण जाणे. उद्या त्यांनाही त्याच फोरमनखाली काम करायचं होतं.

मॅडमनी दाजींकडे बघितलं. “ही सांगते ते खरं आहे? टेपला हात लावला होता?”

धाकटीला तेव्हासुद्धा वाटत होतं, की आता एवढं उघड झाल्यावर ते हो म्हणतील.

“नाही मॅडम,” दाजी म्हणाले. “खोटं बोलतेय. मला वाचवायला. जीव आहे तिचा माझ्यावर, काय करणार. तुम्ही मनावर घेऊ नका.”

“दाजी, ताईची शपथ घेऊन सांगा.”

“चौकशीत शपथा नसतात,” दाजी म्हणाले.

कोणीतरी हसलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या काही मूर्ख नव्हत्या, आणि तोंडावर तसं दिसतही होतं.

“मला कळतंय की इथे काहीतरी बसत नाही,” त्या धाकटीला म्हणाल्या. “पण नेमकं काय ते मला सांगता येत नाही. मोठ्या कामाच्या आपण तीन टेपा मारतो. बरोबर? तिन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या. जिथे दोन जुळतात तिथे तिसरी चुकली असं धरायचं आणि तिला दुरुस्त करायचं. माझ्यासमोर तीन माणसं आहेत.”

“दोन टेपा मिळून चुकल्या तर?”

“तर पद्धत फसते. आणि फसली हे कळतही नाही. दोघं एकाच जागी, एकाच वेळी, एकसारखं चुकतील असं पद्धत धरत नाही.”

“हे चुकलेले नाहीत मॅडम. एक स्वतःला वाचवतोय आणि एक मला.”

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन उचललं. टेप बरोबर, मशीन बरोबर, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. टेपवाल्या बाईने नातेवाइकाच्या प्रेमापोटी दिलेला जबाब ग्राह्य नाही. माणुसकी म्हणून तिच्यावर कारवाई नको. दाजींनी सही केली. एका डोळ्याने अंतर कळत नव्हतं, पेन आधी कागदाच्या अलीकडे टेकलं. आटपाने त्यांचा हात धरून योग्य जागेवर नेला.

दोघं चालत घरी निघाली. रस्ता ओलांडताना धाकटीने त्यांचा दंड धरला, डावीकडून येणारं त्यांना दिसत नव्हतं म्हणून. त्यांनी धरू दिला.

घरी येईपर्यंत बातमी पुढे पोचली होती. पॅकिंगमधली एक बाई लॉन्ड्रीत कपडे टाकते. ताई दारातच उभी होती. तिने दाजींना आत घेतलं, बसवलं, आणि मग खाली बसून धाकटीला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला. लहान असताना फिरवायची तसा. किती तरी दिवसांत तिने कोणाला असा हात लावला नव्हता.

“सगळ्यांदेखत स्वतःच्या अंगावर घेतलंस. माझ्या नवऱ्यासाठी. नोकरी गेली असती ना गं वेडे.”

“ताई, मी खोटं नाही बोलले.”

“बरं, नाही बोललीस.”

“ताई, खरंच. टेप मी बिघडवली. दाजींनी विचारलं ताडलंस का, मी हो म्हणाले. मी बघितलंच नव्हतं.”

“आता मलाही तेच ऐकवणार का? चौकशी संपली. सोड आता.”

“अगं पुरे करा दोघी. झालं ते झालं, जेवायला घेऊया,” दाजी पलीकडून म्हणाले.

हे त्यांनी फार पटकन म्हटलं. कॅन्टीनमध्ये ते खपलं होतं. मॅडमना खपलं, कामगारांना खपलं. पण ताईने त्या माणसाबरोबर संसार केला होता. तिला त्याच्या पटकन बोलण्याचं मोल ठाऊक होतं. तिचा हात धाकटीच्या पाठीवर जिथे होता तिथेच थांबला.

“इकडे बघा,” ती दाजींना म्हणाली.

दाजींनी मान वळवली. पट्टीची बाजू तिच्याकडे आली.

“त्या बाजूने नाही.”

त्यांना पुरतं वळावं लागलं. ताईने त्या एका डोळ्यात बघितलं. कितीसा वेळ लागतो. खोटं बोलायची दाजींची ताकद तिथे संपली.

ताईने धाकटीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. झटकला नाही. नुसता काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

“न बघता हो म्हणालीस.”

“हो.”

“आणि मी यांना बोलत होते. रोज. तुझ्यासमोर.”

“हो.”

“तू डोळ्यात औषध घालत होतीस आणि मी बोलत होते.”

 इतक्या दिवसांत धाकटीला हेच हवं होतं, की कोणीतरी तिच्यावर विश्वास ठेवावा. चौकशीत मागून मिळालं नाही ते आता मिळालं होतं. तिला वाटलं होतं, निदान ओझं उतरेल. काही उतरलं नाही. ताई आता तिच्याकडे बघत होती आणि बरोबर तिलाच बघत होती.

“मी उद्यापासून जात नाही कामावर,” धाकटी म्हणाली.

“जायचं.”

“ताई...”

“जायचं. तू घरी बसलीस तर यांचा डोळा कशाला गेला? हे तुझ्यासाठी खोटे पडले, ते फुकट घालवायचं नाही. रोज जायचं, वेळेवर जायचं. त्या माणसाच्या समोर उभं राहायचं. आणि औषध उद्यापासून मी घालीन.”

“तुझा हात थरथरतो.”

“थरथरू दे.”

दाजी म्हणाले, “अगं, लहान आहे ती.”

“तुम्ही गप्प बसा,” ताई म्हणाली. “तुमचं माझं वेगळं आहे. ते नंतर बघू.”

तिने उठून तीन ताटं वाढली. दाजींचं त्यांच्या उजव्या हाताला, दिसेल असं ठेवलं. स्वतःचं त्यांच्या शेजारी. धाकटीचं समोर ठेवलं, आणि त्यात कमी काही वाढलं नाही, उलट नेहमीपेक्षा एक अंडं जास्त होतं.  धाकटीला वाटलं होतं, घास उतरणार नाही. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. भूक लागली होती. ती जेवली.